चौऱ्याऐंशी गुणांची गाडी

मी एक खोटी गाडी बोलतेय.

खोटी म्हणजे खेळण्यातली नव्हे. चार चाकं, सोळाशे सीसीचं पेट्रोल इंजिन, चंदेरी रंग, हे सगळं खरं. पण माझ्या मीटरवरचा आकडा खोटा. सीटचे पट्टे दुसऱ्याच गाडीचे. आणि स्टिअरिंगच्या मधोमध जिथे एअरबॅग असते, तिथे काय होतं ते पुढे सांगते. माणसांनी माझ्याकडून खोटं वदवून घेतलं. आता भंगाराच्या आवारात पडून आहे. नाक छातीत घुसलंय, बॅटरी कुणीतरी काढून नेलीय. यापुढे मला कुणी विकणार नाही, म्हणून आता खरं बोलायला मोकळी झाले.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी खरीच होते. पहिला मालक दातांचा डॉक्टर. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. सीटवरचं प्लास्टिक त्याने दोन वर्षं काढलं नाही आणि बायकोला चप्पल झटकल्याशिवाय आत बसू दिलं नाही. गाडी जपली, बायको सोडून गेली. मग त्याने मलाही विकलं.

दुसरा मालक औषध कंपनीचा विक्रेता. हा माझ्यातच जेवायचा, माझ्यातच डुलकी काढायचा, माझ्यातच साहेबाच्या शिव्या खायचा. चाळीस किलोमीटर लांब असताना फोनवर छातीठोकपणे सांगायचा, "पोहोचलोच, पाच मिनिटं!" खोटं इतक्या सहज बोलता येतं, हे मी त्याच्याकडूनच ऐकलं. त्याने मला पाच वर्षांत पिदडलं. मीटरवर दोन लाख चौदा हजार झाले, तेव्हा एका सकाळी फोनमध्ये बघता बघता त्याने मला उभ्या ट्रकवर घातलं.

त्या दिवशी मी आयुष्यातलं एकमेव मोठं काम केलं. पापणी लवायच्या आत दोन्ही एअरबॅगा फुगल्या. विक्रेता नाक चोळत बाहेर आला आणि त्याने सगळ्यात आधी फोन फुटला का ते बघितलं. पिशव्या माझ्या अंगावर फाटक्या कपड्यासारख्या लोंबत राहिल्या. ते काम एअरबॅग एकदाच करते. दुसऱ्यांदा करायचं तर नवी बसवावी लागते.

मला विकत घेतलं ते जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने. सगळे त्याला काका म्हणतात. सख्खा काका तो कुणाचाच नाही. आवाज मऊ, प्रत्येक वाक्यात 'आपल्या घरचंच समजा'. त्याच्या आवारात तीस गाड्या उभ्या, आणि मागच्या शेडमध्ये त्यांचं वय कमी करण्याचं काम चालायचं. तिथल्या वायरमनला जादूगार म्हणायचे. त्याने लॅपटॉप जोडला, चहा संपेपर्यंत काहीबाही बडवलं, आणि दोन लाख चौदा हजारांचे बासष्ट हजार केले. दीड लाख किलोमीटर मी जागेवर उभी राहून उलटी धावले.

"आणि एअरबॅगचं काय करायचं?" जादूगाराने विचारलं.

"ती कोण उघडून बघतंय?" काका म्हणाला. "झाकण नवं लाव. आत काहीतरी कोंब, पोकळ वाटायला नको."

आवारात पिवळी फडकी ढिगाने होती. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला काका गाडी पुसायला एक पिवळं फडकं भेट द्यायचा आणि त्याच्यासोबत फोटो काढायचा. त्यातली सात-आठ जादूगाराने माझ्या स्टिअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये कोंबली, वर झाकणं चिकटवली. वायरीत एक चिमुकला तुकडा जोडला. त्यामुळे माझ्या मेंदूला वाटायला लागलं की पिशव्या जागेवर आहेत. गाडी सुरू केली की एअरबॅगचा लाल दिवा पाच सेकंद लागायचा आणि शहाण्या मुलासारखा विझायचा. धडकेत आवळून बसलेले पट्टे काढून भंगारातले दुसरे लावले. मग पॉलिश. मी स्वतःला काचेत बघितलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं.

माझ्या शेजारी एक छोटी हिरवी गाडी उभी होती. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आधी एका बेकरीवाल्याकडे होती, सीटमधून अजून पावाचा वास यायचा. मीटर एक लाख शहाऐंशी हजार, आणि ते खरे. बेकरीवाला तिचं तेल वेळेवर बदलायचा आणि कशाची दुरुस्ती कधी केली ते एका वहीत लिहून ठेवायचा. ती वही अजून तिच्या कप्प्यात होती. तिच्या मीटरला जादूगाराने हात लावला नाही, कारण काकाला तिच्यातून फार काही सुटेल असं वाटतच नव्हतं.

मी तिला चिडवायचे. "म्हातारे, तुला एअरबॅग तरी आहे का गं?"

"नाही," ती म्हणायची. "कधीच नव्हती. माझ्यात बसणाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून तो जपून चालवतो. तुझ्यात बसणारा कशाच्या भरवशावर बसणार?"

मी काचेतली माझी चमक बघत राहिले.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ते तिघं आले. पुढे मास्तर. निवृत्त गणित शिक्षक, इस्त्रीचा शर्ट, खिशाला लाल पेन, बगलेत आखीव वही. मागे त्यांच्या दोन मुली. मोठी नर्स. तिचं हॉस्पिटल डोंगरापलीकडे, पहाटेची पाळी, आणि तिची बस बंद झालेली. गाडी हवी होती ती तिला. धाकटीने डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलेलं. दोन वर्षांपासून एका गॅरेजमध्ये काम करते. नखांत काळं, बोलणं फटकळ. मास्तर तिची ओळख करून देताना म्हणाले, "ही धाकटी. हिचं अजून काही ठरलेलं नाही."

तिने गॅरेजमध्ये शंभरेक इंजिनं उघडली होती. तरी तिचं काही ठरलेलं नव्हतं.

काका धावतच आला आणि मास्तरांच्या पाया पडला. तो त्यांचा विद्यार्थी निघाला. वर्गाचा मॉनिटर. बोलणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर लिहायचं काम त्याच्याकडे असायचं.

"सर, तुमच्यामुळेच बेरीज-वजाबाकी आली. त्यावरच हा सगळा पसारा उभा आहे," काका म्हणाला. हे वाक्य तो खरं बोलला.

मास्तर फुगले. मी माणसं फुगताना बघितलीयत, पण इतक्या थोड्या हवेत इतकं फुगलेलं कुणी बघितलं नव्हतं.

मग त्यांनी वही उघडली. आम्हा दोघींचे दोन रकाने आखले. एकेका बाबीला गुण, एकूण शंभर. इंजिन: मी सोळाशे सीसी, ती अकराशे. ताकद: मी एकशे अठरा अश्वशक्ती, ती बासष्ट. शून्यावरून शंभरचा वेग गाठायला मला साडेदहा सेकंद, तिला सतरा. डिकी माझी मोठी. माझ्या ब्रेकला चाक अडकू न देणारी यंत्रणा, तिच्या ब्रेकला काहीच नाही. पेट्रोलच्या बाबतीत तिने मला हरवलं, लिटरला अठरा, माझे जेमतेम बारा. तिथे मास्तरांनी तिला सात दिले आणि मला पाच. चाललेले किलोमीटर: तिचे एक लाख शहाऐंशी हजार, माझे बासष्ट हजार. खरं बोलल्याबद्दल तिला दोन गुण. खोटं बोलल्याबद्दल मला नऊ.

"बाबा," धाकटी म्हणाली, "ताईला डोंगरातून जायचंय. तिथे चाळीसच्या वर जाता येत नाही. साडेदहा सेकंदांत शंभर गाठून ही जाणार कुठे, दरीत?"

"अभद्र बोलू नकोस. निकष म्हणजे निकष."

शेवटी सुरक्षा. मास्तरांनी त्याला वीस गुण ठेवले होते. हे मात्र मुलीच्या काळजीपोटी, हे मला कबूल करायला हवं. एका एअरबॅगचे दहा.

"किती एअरबॅग?"

"दोन, सर. कागदावर बघा ना," काका म्हणाला.

कागदावर दोनच होत्या. कारखान्याने छापलेला कागद, तो खरा होता. मास्तरांनी मला वीसपैकी वीस दिले. हिरवीला शून्य. लाल पेनाने खाली रेघ मारून बेरीज केली: मी चौऱ्याऐंशी, ती सत्तेचाळीस.

धाकटी तोपर्यंत माझ्याभोवती फिरत होती. तिने बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. आयुष्यात इतक्या लोकांनी मला हात लावला, पण मला समजून घ्यायला लावलेला तो पहिला हात.

"इंजिन गरम आहे," ती म्हणाली. "काका, आम्ही यायच्या आधी सुरू केली होती का?"

"जागा बदलली जरा, ताई."

खोटं. गिऱ्हाईक यायच्या आधी मला रोज अर्धा तास तापवायचे. मी थंड असताना सुरू केलं की आतली साखळी खडखड वाजते. गरम झाल्यावर गप्प होते.

तिने दार उघडलं. ब्रेकच्या पेडलचं रबर बघितलं. झिजून कडेला लोखंड दिसत होतं. "बासष्ट हजारांत हे एवढं झिजत नाही." मग पट्टा पूर्ण ओढून काढला, खालची तारखेची चिठ्ठी वाचली आणि हसली. "बाबा, हा पट्टा गाडीपेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे."

"सुटे भाग आधीच बनवून ठेवतात. साधी गोष्ट आहे."

"दोन वर्षं आधी? हिचा जन्म होणार म्हणून कुणी बारशाआधीच कपडे शिवून ठेवले होते का?" तिचा आवाज चढला. "माझ्या गॅरेजमध्ये एक तास नेऊ. वर उचलू, खालून बघू, स्टिअरिंगचं झाकण उघडू. एवढंच म्हणतेय. एक तास."

काकाने काही केलं नाही. तो फक्त दुखावलेल्या चेहऱ्याने मास्तरांकडे बघत उभा राहिला. मग त्याने मऊ आवाजात विचारलं, "ताई, तुमचं इंजिनीअरिंग कुठून झालं?"

मास्तरांचे कान लाल झाले. "हिने डिप्लोमासुद्धा पुरा केला नाही," ते म्हणाले. स्वतःच्या मुलीबद्दल, परक्या माणसासमोर. "आणि तू ऐक. हा माझा विद्यार्थी आहे. त्याची गाडी तपासायला न्यायची म्हणजे माझ्या शिकवण्यावर अविश्वास. आता एक शब्द बोलू नकोस."

मी तेव्हा किंचाळायला हवं होतं. हॉर्न वाजवायला हवा होता, तेल गळायला हवं होतं, काहीतरी. गाडीला ते जमत नाही. गाडी जिकडे वळवतात तिकडे वळते.

धाकटीने बहिणीला बाजूला घेतलं. दोघी माझ्या मागच्या चाकाजवळ उभ्या होत्या, म्हणून मला ऐकू आलं.

"ताई, नाही म्हण. तू म्हणालीस तर ऐकतील."

"अगं, आई गेल्यापासून बाबांनी पहिल्यांदा कुणासाठी काही निवडलंय. रात्रभर बसून रकाने आखलेत त्यांनी. मी कसं नाही म्हणू?"

"मग मर."

असं म्हणाली ती. नंतर त्या शब्दाचं तिने काय केलं असेल, याचा मी सारखा विचार करते.

फोटो झाला. मास्तरांच्या हातात किल्ली आणि नवं कोरं पिवळं फडकं. हिरवी मागे राहिली.

मोठीसोबतचे पाच महिने हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस. ती गाडीत चढताना मला "चल गं बाई" म्हणायची. हॉस्पिटलचे पांढरे बूट मागच्या सीटखाली, डबा शेजारच्या सीटवर, त्याला पट्टा लावलेला. परत येताना कधी गाणी म्हणायची, बेसूर आणि मनापासून. कधी कुणी पेशंट दगावला की हॉस्पिटलच्या आवारातच दहा मिनिटं स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायची. त्या झाकणावर, पिवळ्या फडक्यांपासून दोन बोटांवर. मास्तर दर सुट्टीला येऊन त्याच पिवळ्या फडक्याने मला पुसायचे आणि शेजाऱ्यांना सांगायचे, "चौऱ्याऐंशी गुण मिळाले हिला."

मग एके दिवशी खड्ड्याच्या धक्क्याने वायरीतला तो तुकडा निसटला. लाल दिवा लागला आणि विझेना. मला वाटलं, सुटले. आता सगळ्यांना कळणार.

मोठीने वडिलांना दाखवलं. धाकटी कपडे बदलून घराबाहेर पडतच होती, ती जागेवरच थांबली. "हा एअरबॅगचा दिवा आहे. आजच उघडायचं. किल्ली दे."

"थांब. आधी त्याला विचारतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी काकाला फोन लावला.

काका मऊपणे म्हणाला, "सेन्सर आहे, सर. जुन्या गाड्यांना होतं. लक्ष देऊ नका."

"बाबा, किल्ली द्या!"

मास्तरांनी किल्ली शर्टाच्या खिशात, लाल पेनाशेजारी टाकली. "तू झाकण उचकटून मोडशील आणि मग ते भरून कोण देणार? जा कामाला."

ती गेली. जाताना फाटक इतक्या जोरात आपटलं की माझ्या काचा थरथरल्या. मग मास्तर घरात गेले, कात्री आणि काळी चिकटपट्टी घेऊन आले. मोठीला त्या दिव्याचा त्रास होत होता, तिचं लक्ष सारखं तिकडे जायचं. त्यांनी एक नीटस चौकोन कापला, चारही बाजू सारख्या. आणि दिव्यावर चिकटवला.

काकाने माझं तोंड पैशासाठी बंद केलं होतं. मास्तरांनी प्रेमाने केलं. त्या चौकोनाच्या आत मी लाल पेटलेली राहिले, एकोणीस दिवस.

विसाव्या दिवशी सकाळी घाटात धुकं होतं. वळणावर पुढची व्हॅन अचानक थांबली. मोठीने ब्रेक दाबला. ब्रेक लागले, हेही सांगायला हवं. पण रस्ता ओला होता, आणि आम्ही आपटलो. धडक फार मोठी नव्हती. विक्रेत्याची धडक याहून मोठी होती, आणि तो नाक चोळत उतरला होता.

भंगारातला पट्टा तिला धरू शकला नाही. ती पुढे आली. मी तिला द्यायला माझ्याकडे काय आहे ते शोधलं. फडकी होती.

ती तिच्याच हॉस्पिटलमध्ये, तिच्याच मैत्रिणींच्या हातात तीन दिवस होती, आणि तिथेच गेली. हे मला नंतर कळलं. पोलिसांच्या तपासणीनंतर मला इथे आणून टाकलं, तेव्हा तिच्या वस्तू घ्यायला मास्तर आणि धाकटी आले. डबा, पांढरे बूट. धाकटीने ते बाजूला ठेवले, खिशातून कटर काढला आणि माझ्या स्टिअरिंगचं झाकण कापलं. तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. तिने एक तास मागितला होता.

आतून पिवळं फडकं निघालं. मग दुसरं. मग तिसरं. ती एकेक ओढून मास्तरांच्या हातात देत गेली. मास्तर ती नीट घडी घालून एकावर एक ठेवत गेले, दर सुट्टीला ठेवायचे तशी.

"कागदावर दोन होत्या," ते म्हणाले.

धाकटीने फडकी, बूट, डबा उचलला आणि पोलिस चौकीकडे निघाली. वडिलांसाठी थांबली नाही. मला वाटतं, यापुढेही थांबणार नाही.

मागच्या आठवड्यात हिरवी इथे आली. तिला कुणीच घेतलं नाही. जो येई तो मीटर बघे आणि नाक मुरडे. ती स्वतःच्या चाकांवर, इंजिन चालू ठेवून फाटकातून आत आली, आणि दुसऱ्या दिवशी दाबयंत्राखाली गेली. बेकरीवाल्याची वही तिच्या कप्प्यातच होती.

आणि काल मास्तर पुन्हा आले, एकटे. बगलेत वही. माझ्या फुटक्या बॉनेटवर त्यांनी ती उघडली, ते पान काढलं. लाल पेनाने माझ्या रकान्यातले सुरक्षेचे वीस खोडले, शून्य लिहिलं. मग नव्याने बेरीज केली. ओठ हलत होते. चौसष्ट. शेजारच्या रकान्याकडे बघितलं. सत्तेचाळीस. पुन्हा बेरीज केली, यावेळी खालून वर. तरी चौसष्ट.

तरीही मीच पहिली.

ते त्या आकड्याकडे बघत उभे राहिले. बेरजेत कुठेच चूक नव्हती. त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते माझ्या चाकाला टेकून खाली मातीत बसले, इस्त्रीच्या शर्टासकट. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

उद्या माझी पाळी आहे. तुम्ही कधी जुनी गाडी घ्यायला गेलात, तर बॉनेटवर हात ठेवून बघा. आणि तुमच्या आधी घरातल्या कुणी तो ठेवला असेल, तर ती कितवी शिकलीय ते विचारू नका. किल्ली तिच्या हातात द्या.

एक तास लागतो. फक्त एक तास.